मारुतीनानांचं बोट

परवा गादीखाली चादर खोचताना माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक कशाला तरी अडलं आणि टच् असा आवाज झाला. दुखलं म्हणावं तर फारसं नाही. पण हात वर करून बघते तर बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबतंय. बाकीचं बोट माझं ऐकत होतं, तेवढं टोक ऐकत नव्हतं. सुनेनं लगेच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं प्लॅस्टिकची टोपणासारखी एक गुलाबी वस्तू बोटावर चढवली, वरून चिकटपट्टी लावली आणि लहान मुलीला समजवावं तसं मला सांगितलं, "आजी, सहा आठवडे हे बोट सरळ राहिलं पाहिजे. एकदाही वाकवायचं नाही. एकदा वाकलं की पुन्हा पहिल्यापासून."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"आधी झालं होतं का कधी?"

"मला नाही, मारुतीनानांना."

त्या बिचाऱ्याला कोण मारुतीनाना हे कुठून ठाऊक असणार! सुनेलाही ठाऊक नव्हतं. घरी येऊन तिला सांगायला बसले, तर अर्ध्यावरच तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, आई, हे लिहून काढा तुम्ही. म्हणून लिहिते आहे. पेन धरताना हे टोपण आडवं येतं आणि अक्षर वेडंवाकडं होतं, तेवढं चालवून घ्यावं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मुळशी तालुक्यात, कोळवण खोऱ्यातल्या एका लहानशा गावी शाळामास्तरीण म्हणून माझी नेमणूक झाली होती. मी पुण्यात वाढलेली, जिभेनं तिखट आणि पायानं नाजूक. एस.टी.च्या टपावरून माझी ट्रंक आणि वळकटी खाली आली ती एकाच सुंभात करकचून बांधलेली. मी गाठ सोडायला गेले. आधी नखं मोडून घेतली, मग दात लावून बघितले, शेवटी चिडून ड्रायव्हरकडे चाकू मागितला. एवढ्यात एक उंच, किडकिडीत माणूस पुढं आला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं आणि चेहऱ्यावर जन्मात कधी धावला नसावा असा निवांतपणा.

"चाकू नगं, बाई. चांगला सुंभ हाय," असं म्हणून तो ट्रंकेपाशी उकिडवा बसला आणि गाठीकडे नुसताच बघत राहिला.

"अहो, मला शाळेत हजर व्हायचंय!"

"व्हा की. घाई कुनाला हाय?"

मग त्यानं उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट गाठीच्या पोटात सरकवलं, टोक जरासं वर उचललं, आणि गाठ सुटली. मी दातांनी जिच्याशी झगडत होते ती हीच का, असा मला प्रश्न पडला. सुंभाचं नीट वेटोळं करून त्यानं ते माझ्या हातात दिलं. हे मारुतीनाना. त्यांच्याच घरातली पडवीशेजारची खोली माझ्यासाठी ठरली होती, हे मला चालताना कळलं.

नानांची थोडी भातशेती होती, बैलजोडी होती, एक म्हैस होती. चारचौघांसारखंच सगळं. पण गावाचं बोलावणं त्यांना यायचं ते दोन कामांसाठी. एक म्हणजे न सुटणारी गाठ सोडायला. शाळेत पोरांच्या चड्डीच्या नाड्यांच्या गाठी बसायच्या, पोरगं रडवेलं होऊन माझ्यापुढं उड्या मारत उभं राहायचं, की मी त्याला सरळ नानांच्या अंगणात पिटाळायची. "दम धर रं, दम धर. घाई कुनाला हाय?" असं नाना म्हणायचे, आणि घाई कुणाला आहे ते पोराच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

दुसरं काम मला महिनाभरानं कळलं. गावात कुणीही गेलं की तिरडी नाना बांधायचे. त्यांचे वडील बांधायचे, म्हणून ते बांधायचे. हे समजल्यावर पुढचे दोन दिवस मी त्यांच्या हातून पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाही. मग हौसामावशींनी मला फैलावर घेतलं. हौसामावशी म्हणजे नानांची बायको. नवऱ्याच्या निम्मी उंची आणि दुप्पट आवाज. "का वो बाई, तुमच्या पुन्यात मेलेली मानसं चालत जात्यात व्हय?" त्यांनी विचारलं. माझं सोवळं तिथंच संपलं.

पुढं मी नानांना तिरडी बांधताना पाहिलं. वेळूचे दोन लांब दांडे, मधे आडव्या कांबी, वर पेंढा. बायकांचा आकांत चाललेला असायचा, पुरुष "आटपा, ऊन चढलं" म्हणून घायकुतीला आलेले असायचे, आणि नाना एकेक गाठ मारत बसलेले. त्यांना कुणी घाई केली की ते मान वर न करता म्हणायचे, "घाई ज्याला हुती त्यो गेला. आता कुनाला हाय?" गाठ आवळून झाली की तेच उजवं बोट सुंभाखाली घालून बघायचे. टोक आत शिरलं तर गाठ ढिली. ती सोडायची आणि पुन्हा मारायची. बोट आत शिरेनासं झालं की पुढची. हे चाललेलं असताना ते मेलेल्या माणसाशी हळूच काहीबाही बोलत असत. एकदा मी कान देऊन ऐकलं. म्हातारा शिरपती गेला होता आणि नाना त्याला सांगत होते, "वड्याच्या उतरनीला जरा हिसका बसंल, पर तू काय हलनार न्हाईस. म्या बगितलंय."

अशा माणसाला गावात थोडी धास्ती चिकटतेच. नानांना माणसाकडे डोक्यापासून पायापर्यंत सावकाश बघायची सवय होती, आणि त्यावरून टिंगल चालायची की नाना माप घेतोय. खालच्या आळीचे आबा पावसाळ्यात आजारी पडले, घरच्यांनी आशा सोडली. नाना आपले शेजारधर्म म्हणून बघायला गेले आणि सवयीनं पायथ्याशी उभे राहून त्यांना न्याहाळू लागले. आबांनी डोळे उघडले, समोर नाना! "मारत्या, आजून हाय मी! जा घरी!" असं ओरडून ते उठून बसले ते बसलेच. पुढं कित्येक वर्षं जगले. हौसामावशी ही गोष्ट सगळ्यांना सांगायच्या आणि नाना खाली मान घालून हसायचे.

हौसामावशींचं एक ठरलेलं मागणं होतं. त्या काळच्या बायकांसारखं त्यांनाही कपाळाच्या कुंकवासकट, नवऱ्याच्या आधी जायचं होतं. त्यात त्यांची आणखी एक अट होती. तिरडी नानांनीच बांधायची. नानांचा पुतण्या सोमा हे काम शिकत होता, पण त्याच्या हाताला धीर नव्हता. नाना परगावी असताना त्यानं ठकूआत्याची तिरडी बांधली होती, तर ओढ्याच्या उताराला एक गाठ निसटली आणि म्हातारी एका अंगावर कलंडली. "त्या सोम्याच्या हातनं मला न्हाई जायचं," मावशी भाकरी थापता थापता म्हणायच्या. "मला तुमीच बांधायचं. आन् नीट बांधायचं. मला कलंडायचं न्हाई." नाना म्हणायचे, "बांदीन. घाई कुनाला हाय?" घरात ही थट्टा रोजचीच होती आणि मीही तिला हसत असे.

नानांचं बोट गेलं ते पेंढ्याच्या गाडीवर. भात झोडून झालं होतं, मार्गशीर्षातले दिवस होते. पेंढ्याचा भारा गाडीवर आवळून दोराचं उरलेलं शेपूट ते दाबून खोचत होते, तोच बैलानं पाऊल टाकलं, भारा सरकला आणि बोटाचं टोक आतल्या आत दुमडलं. घरी येऊन त्यांनी मला हात दाखवला. "बाई, ह्यानं मान टाकली बगा." खरंच, ओंबीनं मान टाकावी तसं बोटाचं शेवटचं पेर खाली वाकलेलं होतं. डाव्या हातानं उचललं की वर यायचं, सोडलं की पुन्हा खाली. कुणी आंबेहळदीचा लेप दिला, कुणी बोट ओढून बघितलं, कुणी तेल चोळलं. टोक काही उठेना. तेवढ्या नखाएवढ्या जागेपायी नानांना गाठ सोडता येईना आणि गाठ तपासता येईना. सुंभाखाली घातलं की ते टोक दुमडायचं, त्यामुळे ढिली गाठही त्यांना घट्ट वाटायची.

मीच त्यांना आणि मावशींना घेऊन पौडला गेले. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, टोक वर उचलणारी शीर तुटली आहे. ती आपली आपण जुळते, पण जुळेपर्यंत बोट सरळ राहायला हवं. घसा बघताना जीभ दाबायची जी लाकडी पट्टी असते ती त्यानं मोडून अर्धी केली, कापूस लावून बोटाखाली धरली आणि चिकटपट्टीनं बांधली. धुवायला पट्टी काढायची झाली तर हात पाटावर सपाट ठेवायचा आणि दुसऱ्या कुणीतरी टोक खालून धरून ठेवायचं, हेही दाखवलं. "दोन महिने. एकदा जरी वाकलं तर जुळलेली शीर पुन्हा सुटते आणि आपण पहिल्यापासून सुरू करतो."

दुखणं काही नाही, ताप नाही, रक्त नाही, आणि माणसानं दोन महिने एक बोट ताठ धरून बसायचं! नानांना त्याची लाज वाटायची. बैठकीत बसले की हात घोंगड्याखाली. कुणी विचारलंच तर "पट्टी हाय" एवढंच.

पहिली खेप तीन आठवड्यांनी फसली. वरच्या आळीतली एक बाळंतीण गेली. कोवळं पोरगं मागं, घरात नुसता हलकल्लोळ. नाना म्हणाले, मी हात लावत नाही, नुसता बसून सोमाला सांगतो. पण सोमाची गाठ बसेना, तिचा बाप हंबरडा फोडायला लागला. मग नानांनी दातांनी पट्टी ओढून काढली. संध्याकाळी घरी आले तर बोट होतं तसं वाकलेलं. मावशींनी सकाळच्या एस.टी.चे पैसे काढून ठेवले.

डॉक्टरनं पुन्हा पट्टी बांधली. दुसऱ्या खेपेला नाना खरोखरच वागले. पण आमचं गाव म्हणजे अख्खं एका भावकीचं. एकाच आडनावाची घरं, कुणी गेलं की सगळ्यांना सुतक आणि सगळ्यांना आंघोळ. चुलत्यांपैकी एक जण गेला. नाना लांब उभे राहिले, गाठीला शिवले नाहीत, आणि आम्ही सुस्कारा सोडला. तर नदीवर आंघोळीच्या वेळी पट्टी चिंब भिजली. एका चुलतभावाला वाटलं, वली पट्टी आत कुजंल, नानाला त्रास होईल. त्यानं प्रेमानं ती सोडली, बोट कोरडं पुसलं, आणि काही बरं झालंय का बघावं म्हणून दोनदा वाकवून बघितलं. त्याच्यावर रागावणार तरी कसं? तो घरी येऊन मला सांगत होता, "आता लई हलकं वाटंल बगा नानाला."

तिसऱ्यांदा आम्ही पौडला गेलो तेव्हा डॉक्टर थकून गेल्यासारखा दिसला. "आता शेवटचं," तो म्हणाला. "शीर किती वेळा जुळणार? या वेळी वाकलं तर बोट कायमचं असंच राहील. मला काही करता येणार नाही." परतताना एस.टी.त नाना पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होते. मावशी त्यांच्या त्या हाताकडे बघत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी चूलसुद्धा पेटवली नाही. नानांचा डावा हात धरला, आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "बाईंच्या म्होरं सांगते. ह्ये बोट वाकवलंत तर माझं मेलेलं तोंड बगाल."

"आगं, काय बोलतीस?" नाना घाबरले.

"बोलले ती बोलले. गाव मरू दे न्हाईतर जगू दे. म्या सांगंस्तवर पट्टी काडायची न्हाई."

शपथा आपण उठता-बसता घालतो. पण डोक्यावर हात ठेवून घातलेली शपथ वेगळी असते. बातमी गावभर झाली आणि त्याचा उपयोगही झाला. कुणी नानांच्या बोटाजवळ जाईना. पोरं नाड्यांच्या गाठी घेऊन यायची बंद झाली. दर चार दिवसांनी मावशी त्यांचा हात पाटावर ठेवायच्या, बोटाचं टोक आपल्या बोटांवर तोलून धरायच्या, मी पट्टी सोडून धुऊन पुसून नवी बांधायची. तेवढा वेळ मावशी श्वासही घेत नसत. नाना त्यांच्याकडे बघत बसायचे. इतकी वर्षं संसार झाला तरी एवढा वेळ हिनं आपला हात कधी धरला नव्हता, असं ते एकदा मला म्हणाले आणि लगेच लाजून उठून गेले.

होळी झाली. माळावर राब भाजायला लागले, भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून तयार करायला लागले, आणि खोरं धुरानं भरलं. त्या धुरानं म्हणा, आणखी कशानं म्हणा, मावशींच्या छातीत कफ धरला आणि ताप चढला. आधी त्यांनी अंगावर काढला. मग पौडचे डॉक्टर आले, सुई टोचली आणि पुण्याला न्या म्हणाले. सकाळच्या एस.टी.नं न्यायचं ठरलं. बैलगाडीत पेंढा अंथरून मावशींना निजवलं, वर घोंगडी घातली. नाना त्यांच्या उशाशी, मी पायथ्याशी. फाट्यावर गाडी सोडून आम्ही वाट बघत बसलो. वळणावर एस.टी.चा हॉर्न ऐकू आला तेव्हा मी म्हटलं, "मावशी, आली बरं का गाडी." त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांचा हात नानांच्या उजव्या मनगटावर होता, पट्टीच्या जरा खाली.

गाडी आली, थांबली, कंडक्टरनं खाली वाकून बघितलं आणि टोपी काढली.

अंगणात माणसं जमली. जवळच्या चांदे गावात दिलेली त्यांची एकुलती एक मुलगी आली. वेळू आणले, सुंभ आणला. आणि मग सगळे नानांकडे बघायला लागले. नाना पुढं आले, वेळूपाशी उकिडवे बसले, डाव्या हातात सुंभ घेतला आणि तसेच थांबले. मी जवळच होते. त्यांनी वर बघितलं. ते तोंड मी अजून विसरलेले नाही.

"बाई," ते म्हणाले, "बांदायला बी तिनंच सांगितलंय आन् बोट वाकवू नगा म्हून बी तिनंच सांगितलंय. आता म्या कुटलं ऐकू?"

मी शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली बाई. नुसती उभी राहून रडत होते.

नानांचे थोरले भाऊ किसनदादा, सोमाचे वडील, ते पुढं झाले. त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "मारती, आता कुनाची शपत राहिली? जिनं घातली तीच गेली. सोड ती पट्टी. तिची विच्छा पुरी कर."

ऊन चढत होतं, पण त्या दिवशी कुणी आटपा म्हणालं नाही. मग त्यांनी सुंभ सोमाच्या हातात दिला.

"तिनं काडा म्हून सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

सोमानं तिरडी बांधली. एवढा मोठा गडी, ओठ चावत रडत बांधत होता. नाना शेजारी बसून एकेक गाठ सांगत होते, उजवा हात छातीशी धरून. गाठ झाली की डाव्या हाताचं बोट सुंभाखाली घालून बघायचे, आणि मान हलवायचे. "ह्या बोटाला कळंना रं," ते सोमाला म्हणाले. "तूच बग बाबा." सोमानं प्रत्येक गाठ तीन-तीनदा मारली. ओढ्याच्या उताराला नाना पुढं जाऊन उलटे उभे राहिले आणि तिरडी उतरेपर्यंत तिच्याकडे डोळे लावून बघत राहिले. मावशी कलंडल्या नाहीत. बायका नदीपर्यंत जात नाहीत, म्हणून पुढचं मी लांबून पाहिलं. सगळी भावकी पाण्यात उतरली, आणि त्या सगळ्या ओल्या डोक्यांमध्ये एक कोरडा हात वर धरलेला दिसत होता.

तेरावं झालं, मुलगी सासरी गेली. पट्टी बदलायचं काम एकट्या माझ्याकडे आलं. मी नानांचा हात पाटावर ठेवायची, टोक खालून धरायची, जमेल तशी पट्टी बांधायची. नाना कुठंतरी बघत असायचे. एके दिवशी त्यांनी अचानक विचारलं, "बाई, झोपंत वाकलं असंल का वो?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. या माणसाच्या डोक्यात इतके दिवस हे चाललं होतं! बोट वाकवलंत तर माझं मेलेलं तोंड बघाल. आणि ते तर त्यांनी बघितलं होतं.

"नाना, काहीतरीच काय? त्यांना छातीचा विकार झाला. डॉक्टर म्हणाले ना?"

"त्ये झालं. पर झोपंत... न्हाईतर तवा, गाडीत बसताना म्या दांडा धरला हुता. तवा जरा वाकलं असंल. मला याद न्हाई."

मी समजावलं, रागावले, शपथेनं कुणी मरत नसतं म्हणून व्याख्यान दिलं. ते सगळं ऐकून घ्यायचे, "व्हय, व्हय" म्हणायचे, आणि चार दिवसांनी पट्टी बदलताना पुन्हा तोच प्रश्न. रात्री हात हलू नये म्हणून ते मनगट खाटेच्या खुराला बांधून झोपतात, हे मला सोमाकडून कळलं.

अखेर पट्टी काढायचा दिवस आला. पौडला आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरनं चिकटपट्टी कापली, लाकूड बाजूला केलं. बोट बारीक, पांढुरकं, सुरकुतलेलं. डॉक्टरनं खालचा आधार काढून घेतला, आणि टोक खाली आलं नाही. तिथंच राहिलं, सरळ.

"वा! जमलं की हो," डॉक्टर खूश होऊन म्हणाला.

नानांनी बोटाकडे बघितलंच नाही. ते डॉक्टरकडे बघत होते. "सायब, एक इचारू? म्हंजी ह्ये मधी कवाच वाकलं नव्हतं?"

"अहो, वाकलं असतं तर असं राहिलं असतं का? आधी दोनदा बघितलंत ना काय झालं ते?"

"झोपंत बी न्हाई?"

"झोपेतही नाही, जागेपणीही नाही. एकदाही नाही."

नाना तिथल्या बाकावर बसले. मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि त्यात तोंड घालून रडले. मावशी गेल्यापासून पहिल्यांदा. डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. बोट बरं झाल्यावर एवढं रडणारा रोगी त्यानं पाहिला नसेल.

त्यानंतर नानांनी तिरडी कधी बांधली नाही. सोमाच बांधायचा. त्याचा हात त्या दिवशीच बसला होता. नाना मागून येऊन प्रत्येक गाठीखाली बोट घालून बघायचे आणि मान डोलवायचे. पोरांच्या नाड्या मात्र पुन्हा त्यांच्याकडे यायला लागल्या.

पुढं माझी बदली झाली. निघायच्या सकाळी माझी ट्रंक आणि वळकटी नानांनीच बांधून पडवीत ठेवली होती. एस.टी.ला वेळ होता. निरोप घ्यावा म्हणून मी आत गेले आणि उंबऱ्यातच थांबले. नाना माझ्याकडे पाठ करून भिंतीतल्या कोनाड्यापुढं उभे होते. कोनाड्यात मावशींचा कुंकवाचा करंडा आणि फणी होती, होती तशीच ठेवलेली. नानांनी उजव्या हाताचं ते बोट त्यांच्यापुढं सरळ वर धरलं होतं. शाळेतलं पोर हात धुऊन आल्यावर मला दाखवायचं, अगदी तसं.

"बग," ते म्हणत होते. "न्हाई वाकलं."